आजीचं कुर्डी जुन्या टोपोशीटवर शोधलं, माझा अनुभव

आजीचं माहेर कुर्डी, गोव्यात सांगे तालुक्यातलं. १९८६च्या सुमारास साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, लोक वाडे-वालकिणीला गेले. आज फोनच्या मॅपवर तिथे नुसतं निळं दिसतं, म्हणून धरणाआधीची सर्वे ऑफ इंडियाची १:५०,०००ची टोपोशीट, म्हणजे नद्या, वाटा, घरं दाखवणारा सरकारी नकाशा, शोधली, ओळखीच्या एका सरांकडे मिळाली.

स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवायला घेतली तर दोन रात्री गेल्या, कारण काही केल्या नदी नदीवर बसेना, सगळंच एका बाजूला सरकलेलं. मग कळलं की जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर असते (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर, ते सेटिंग बदललं तेव्हा कुठे जुळलं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

या स्केलला १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, घर म्हणजे मोहरीएवढा ठिपका. पण ठिपके नीट बघत बसलो तेव्हा गाव कळायला लागला. काठाला शेतं, घरं थोड्या चढावर, कारण पावसाळ्यात नदी शेतात शिरायची, आणि लाल तुटक रेषांच्या पायवाटा मात्र वाड्यावाड्यातून नदीकडेच उतरतात आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतात. म्हणजे नदी ही गावाची हद्द नव्हतीच, रोजची ये-जा तिच्यातूनच.

आजीसाठी मोठी प्रिंट काढली. तिने घरं बघितलीच नाहीत, आधी विचारलं, "वाट नदीत खंय देंवता?", म्हणजे कुठे उतरते. मी बोट ठेवलं, तिथून ती वर मोजत आली, एक, दोन, तीन, आणि चौथ्या ठिपक्यावर थांबली. "हांगा. फाटल्यान बांय आशिल्ली." इथे, मागे विहीर होती म्हणे. नकाशात विहीर नव्हती.

मे महिन्यात पाणी उतरल्यावर सोमेश्वराच्या देवळाकडे लोक जमतात तेव्हा आम्ही पण गेलो, फोनवर जुनी शीट लावून. चिखल सुकून भेगा पडलेला, माडांचे नुसते बुंधे. ठिपक्याच्या जागी चिऱ्याचं जोतं मिळालं, दोन पायऱ्यांसकट, आणि मागे दहा-बारा पावलांवर गाळाने भरलेली विहीर. आजी काठावर बराच वेळ बसून राहिली.

घरी आल्यावर प्रिंटवर ती विहीर पेन्सिलीने काढली. आता शेजारच्या घरांची नावं आजी सांगते तशी लिहून घेतोय, सात झाली.