आधी उलटं करून बघा

डेन्मार्कमध्ये जुनं टेबल घ्यायचं असलं की माणसं आधी ते उलटं करून बघतात. वरचं पॉलिश नंतर. पाय आडव्या पट्टीला कसा जोडलाय, खणाच्या कोपऱ्यात खिळा मारलाय की लाकडात लाकूड गुंतवलंय, तळाची फळी भरीव आहे की भुसा दाबून केलेली, हे बघून मग किमतीची बोलणी. ओडेन्सेला राहायला आल्यापासून ही सवय मलाही लागली.

इथे रेडक्रॉससारख्या संस्था जुन्या वस्तूंची दुकानं चालवतात. तिथे १९५०-६० च्या दशकांतलं सागवानी फर्निचर अजून मिळतं. हो, सागवानी! इथे साग उगवत नाही. तेव्हा तो थायलंड-ब्रह्मदेशाकडून जहाजाने यायचा आणि डॅनिश सुतार त्याची टेबलं, कपाटं करायचे. नाशिककडच्या पेठ-सुरगाण्याचा साग बघत वाढलेल्या मला त्या टेबलांवरून हात फिरवताना भरून येतं.

हान्स वेग्नर हे नाव इथे घरोघरी माहीत आहे. जोडे बनवणाऱ्याचा हा मुलगा आधी सुतारकाम शिकला, मग फर्निचर डिझाइन करू लागला. इंग्रजी वाय अक्षरासारखी पाठ असलेली त्याची खुर्ची १९४९ मधली. १९५० पासून ती आजतागायत बनते आहे. बैठक कागदाच्या पिळाच्या दोरीची, हाताने विणलेली, एका खुर्चीला साधारण १२० मीटर. बरीच वर्षं वापरून दोरी सैल पडली की नवी विणून घेतात, सांगाडा तोच राहतो. आपल्याकडे बाजेचा सुंभ बदलायचे, अगदी तसंच. झिजणारा भाग बदलता यावा, ही सोय बनवतानाच केलेली असते. माझ्या मते पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याचं खरं मर्म इथे आहे. नुसतं जाड, जड लाकूड वापरून ते साधत नाही.

आणि हे फक्त पैसेवाल्यांसाठी नव्हतं. बोर्गे मोगेन्सेन या डॅनिश डिझायनरने १९४७ मध्ये एका ग्राहक सहकारी संस्थेसाठी साधी लाकडी खुर्ची काढली, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी. ‘लोकांची खुर्ची’ म्हणूनच ती ओळखली जाते. सहकार आपल्याही महाराष्ट्राच्या अंगात मुरलेला आहे, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे धाकट्या भावाचा फोन. जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायचा ठरलाय आणि त्याचा फ्लॅट पाथर्डी फाट्यावर तयार होतोय. “ताई, आजीचं कपाट आणि झोपाळा घ्यायला जुन्या लाकडाचा व्यापारी आलाय. देऊन टाकू? तिकडे सगळं नवीनच करतोय.”

मी त्याला म्हटलं, देऊ नकोस. कपाटाच्या दाराची चौकट कुसू पाडून, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून, जोडलेली आहे आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली आहे, चिकटवलेली नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, वैशाखात आकसतं, आणि ते रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाहीच. फळी मोकळी असली की तिला हलायला जागा मिळते, चिरा जात नाहीत. ज्या मिस्तरीने ते केलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं. इथली जुनी कपाटं उघडून बघितली तर तीच युक्ती दिसते.

भुशाच्या बोर्डाचं तसं नाही. पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट धरत नाही, म्हणून दोन-तीन वेळा घर बदललं की कपाट डगमगायला लागतं. २०१९ च्या पुरात नाशकातला गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, गोदाकाठच्या घरा-दुकानांत पाणी शिरलं. अशा पाण्यातून निघालेलं भरीव लाकूड सावलीत हळूहळू वाळवून, पॉलिश करून पुन्हा वापरता येतं. फुगलेला बोर्ड टाकूनच द्यावा लागतो.

सगळंच भरीव सागाचं करा असं मी म्हणणार नाही, ते परवडत नाही. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांना चांगला प्लाय ठीक आहे. फक्त त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा, तो पाण्यात टिकणारा. पण ज्यावर रोज बसतो, जेवतो, झोपतो अशा दोन-तीन वस्तू तरी नीट करून घ्या. बाकीचं घर हळूहळू भरू द्या. इथे नवी जोडपी रिकाम्या भिंतींना घाबरत नाहीत, हे मला फार आवडतं.

भावाने कपाट आणि झोपाळा ठेवला. आता वाड्याच्या तुळयांतून जेवणाचं टेबल करायचं चाललंय, तेव्हा त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तुळईतले जुने खिळे वखारीत नेण्याआधी काढा, नाहीतर करवतीचं पातं जातं. भिंतीत गाडलेलं टोक ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर तेवढं कापून टाका, तिथे वाळवी असते. नवा साग घेणार असाल तर गाभ्याचा गडद भाग मागा, कडेचा पांढरट भाग कीड आधी धरतो. टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला सरकत्या लाकडी गुटक्यांनी धरायला सांगा, थेट स्क्रूने आवळू देऊ नका. वरून जाड चकचकीत लॅकरऐवजी तेल लावून घ्या, म्हणजे डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल देता येतं. आणि लाकूड नीट वाळलेलं नसेल तर मिस्तरीला घाई करू नका. ओल्या लाकडाचे सांधे पहिल्याच उन्हाळ्यात सुटतात.