उसळ बरी झाली हा

परवापासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "उसळ बरी झाली हा. पण वाटाप घालूक इसारलंस काय रे?"

वाटाप म्हणजे खोबऱ्याचं वाटण. आई वाईट काहीच बोलली नाही, उलट दोनदा वाढून घेतली तिने. तरी मी जेवण होईपर्यंत मान खाली घालून होतो आणि रात्री झोप लागली नाही ती नाहीच. उसळ म्हणाली. मी दोन दिवस खपून चिली केली होती, अमेरिकेत टेक्सासात असताना आम्ही करायचो तसली, राजम्याची.

श्रावण चालू, घरात मासे बंद, बाहेर पाऊस धो धो, म्हटलं हीच वेळ. बाजारात राजमा मिळाला पण जुना वाटत होता म्हणून मंगळवारी रात्रीच भिजत घातला. झोपायच्या आधी बघितलं तर साली नुसत्या सुरकुतल्या होत्या, सकाळी तट्ट फुगलेले, पातेल्यात पाणी दिसतच नव्हतं. तळाला उरलेलं पाणी फेकून द्यायचं. नवीन पाण्यात अर्धा तास खळखळून उकळला आणि मग कुकरला लावला, कारण कच्च्या राजम्यात जे काही असतं त्याने उलट्या होतात, आणि नुसता मंद आचेवर ठेवून दिला तर तो जास्तच बाधतो. दाणा बोटाने चेपेपर्यंत टोमॅटो जवळ आणायचा नाही, आंबट लागलं की तो टणकच राहतो. हे सगळं मला इथे येऊन शिकावं लागलं, तिकडे आम्ही डब्यातला शिजवलेला राजमा वापरायचो.

तिकडची चिपोतले म्हणजे पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर सुकवलेली, ती वेंगुर्ल्यात कुठून आणू? मग चार ब्याडग्या मागच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर धरल्या. त्या आधी चकाकल्या, मग कडेने काळ्या पडायला लागल्या आणि असा ठसका उठला की वहिनी पदर नाकाला लावून पडवीत पळाली. पण वास अगदी तोच आला. तोच! मी तिथे चुलीपुढे बसून राहिलो थोडा वेळ. त्या मिरच्या गरम पाण्यात घालून लसणीबरोबर वाटल्या, जिरं भाजून कुटलं, पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगानोच्या पुड्या जमवल्या होत्या त्या फोडल्या. तिकडच्या चिली पावडरीत हे सगळं आधीच मिसळलेलं असतं, आपलं लाल तिखट घालून ती चव येत नाही. कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, टोमॅटो, आणि दाटपणाला मूठभर लापशी रवा, शेवटी अर्धा चमचा कोको. दीड तास बारीक गॅसवर.

आणि एवढं करून उसळ.

टेक्सासवाले तर ह्याला चिलीसुद्धा म्हणणार नाहीत म्हणा. 1977 पासून ती त्यांच्या राज्याची अधिकृत डिश आहे आणि त्यांची म्हणजे मांस आणि मिरची, त्यात राजमा घातला की भांडायला उठतात. सॅन अँटोनियोत मिलिटरी प्लाझा आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात बायका रात्री चुली मांडून चिली विकायच्या, चिली क्वीन्स म्हणायचे त्यांना. मी रविवारी तिथून चालत जायचो. हे मला घरी कोणाला तरी सांगायचं होतं. पगार किती होता ते सगळ्यांनी विचारलं, परत का आलास तेही विचारलं (ते राहू दे), पण तिथे काय खायचास, कोणाबरोबर खायचास हे अख्ख्या घरात एकाने विचारलं नाही. मी ताटात वाढून दिलं तरी नाही. रात्री पडल्यापडल्या एवढं भरून आलं की स्वतःचीच कीव यायला लागली.

मग पहाटे कधीतरी हे डोक्यात आलं, की राजमा, टोमॅटो, मका, मिरची सगळं त्या अमेरिकेकडचंच की. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात उतरवली, आणि आमच्या इथून रेडी गाव ओलांडलं की गोवाच. आईच्या मसाल्याच्या बरणीतली ब्याडगी पण समुद्रावरूनच आलेली. तिला कोणी विचारत नाही कुठली म्हणून. आई ज्या कडधान्याला आपलं मानते त्याला उसळ म्हणते, दुसरा शब्दच नाही तिच्याकडे. हे कळल्यावर जरा बरं वाटलं. पूर्ण नाही.

काल सकाळी उठलो तर आई उरलेली चिली घावण्याबरोबर खात होती. दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरते, छान लागते. खोबरं काही घातलं नव्हतं तिने. मी चहा घेऊन समोर बसलो तर वाटीतच बघत म्हणाली, "थंय थंडी खूप पडता काय रे?"

म्हटलं, एरवी नाही गं. पण 2021 च्या फेब्रुवारीत बर्फ पडलं, पारा उणे दहाच्याही खाली, अख्ख्या टेक्सासात लाखो घरांची वीज गेली, आमची पण. नळाला पाणी नाही. आम्ही तिघं एका खोलीत, अंगात होते नव्हते तेवढे कपडे, गॅसची शेगडी होती म्हणून वाचलो. तिच्यावर एक मोठं पातेलं चढवलं होतं चिलीचं, तीन दिवस तेच गरम करून खाल्लं, पातेल्याला हात लावून बसायचो.

आईचा हात थांबला. "त्या वक्ताक फोनार सगळा बरा आसा म्हणालंस."

हो म्हटलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही, पागोळ्या पडत होत्या त्याचा आवाज फक्त. मग वाटी पुढे केली आणि म्हणाली, "मगे? वीज कधी इली?"

मी तिला वाढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.