हेडफोन घातलेले किगन

आज दुपारी भाच्याच्या आग्रहाखातर केव्हिन किगन यांची २९ एप्रिल १९९६ ची ती गाजलेली मुलाखत पुन्हा पाहिली. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये लीड्सला त्यांच्याच मैदानावर १-० ने नमवून आलेले न्यूकासलचे मॅनेजर, कानांवर भलेमोठे हेडफोन, कॅमेऱ्याकडे रोखलेले बोट आणि संतापाने कापणारा आवाज. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध जीव तोडून खेळलेले लीड्सचे खेळाडू न्यूकासलविरुद्धही तसेच खेळतील का, अशी शंका युनायटेडचे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती आणि ती किगन यांच्या जिव्हारी लागली होती.

भाचा हसला; मला मात्र, खरे सांगायचे तर, त्या माणसाची दया आली. या संतापामुळेच न्यूकासलच्या हातून लीगचे विजेतेपद गेले असे सर्रास म्हटले जाते, पण ते मला पटत नाही, कारण जानेवारीतली न्यूकासलची १२ गुणांची आघाडी त्या संध्याकाळपूर्वीच विरघळली होती आणि मार्चमध्ये कांतोनाच्या एकमेव गोलने युनायटेडने न्यूकासलला त्यांच्याच घरी हरवले होते. न्यूकासलचे उरलेले दोन्ही सामने १-१ असे बरोबरीत सुटले आणि युनायटेड ४ गुणांनी विजेते ठरले. भाच्याने मुलाखत आणखी दोनदा लावली. तिसऱ्या वेळी तो हसला नाही.