माझा अनुभव : बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरचा जॅक

इंदूरलगतच्या राऊजवळ मामांची पेरूची बाग आहे. तिथल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलाय, शेणखत उचलायला. बकेट वर करून इंजिन बंद केलं की चहा होईपर्यंत ती जमिनीला टेकायची, आणि डाव्या जॅकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने रॉड बाहेर ढकलून बकेट उचलणाऱ्या नळकांड्याच्या, तोंडाशी तेल पाझरायचं. मिस्त्रीने लांबूनच निकाल दिला, "पिस्टन की सील गई, बाबूजी."

मला ते पुरतं पटलं नाही. नुसतं पिस्टनचं सील गेलं तर बकेट अशी खाली येत नाही. खालचं तेल पिस्टनला वळसा घालून वरच्या बाजूला जातं खरं, पण तिथे रॉडने जागा अडवलेली असते. सगळं तेल मावत नाही, दाब चढतो आणि रॉड थबकतो. बकेट उतरायची तर तेलाला बाहेर वाट हवी : ग्लँडमधून (रॉड जिथून बाहेर येतो ते जॅकच्या तोंडाचं झाकण), नाहीतर लिव्हरच्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून टाकीत. ग्लँड ओली दिसत होती, म्हणून आधी जॅक उतरवायचं ठरलं.

बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, लिव्हर मागेपुढे हलवून उरलेला दाब सोडला. हे न करता होज (तेलाचा पाइप) सैल करू नये. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं, आणि तसं झालं तर थेट हॉस्पिटल. होजना खुणा केल्या, तोंडं प्लास्टिकने बांधली.

खरा घाम काढला तो खालच्या पिनने. माळव्याची काळी माती, खत आणि कित्येक पावसाळ्यांचा गंज, सगळं एकजीव झालेलं. मी घण उचलला तर मामा म्हणाले, "अरे, मारू नकोस, तिला आधी तेल पाज." डिझेल सोडून रात्रभर ठेवली. सकाळी पाइप पान्याने डावीउजवीकडे किंचित फिरवत राहिलो, तेव्हा कडेने तांबूस चिखल बाहेर आला आणि मग पितळी ठोकणीने पिन निघाली. गॅसची ज्योत लावायची हिंमत नव्हती, शेजारीच तेलाने माखलेला होज होता.

ग्लँड आट्यांची होती. उघडल्यावर रॉडबरोबर काळ्या रबराचा चुरा आला. रॉड-सीलची ओठासारखी कड इतकी कडक झाली होती की नखाने तुकडा पडला. पिस्टनची रिंगही एका बाजूने घासलेली. म्हणजे मिस्त्री अर्धा बरोबर होता. बोअर, म्हणजे नळकांड्याचा आतला व्यास, ५० मिमी; रॉड ३०. पिस्टन गळू लागला की तेच वजन पेलायला पिस्टनऐवजी फक्त रॉडचं क्षेत्रफळ उरतं : १९.६ चौरस सेंटिमीटरच्या जागी जेमतेम ७. दाब पावणेतीनपट, आणि तो सगळा ग्लँडच्या सीलवर. ते आधी फाटणारच.

रॉडवर नख फिरवून पाहिलं. टोकाकडे बारीक खड्डे होते, पण नख अडकेल एवढे नाहीत; बारीक पॉलिश पेपरवर भागलं. खोल असते तर क्रोमचा कडक थर (हार्ड क्रोम) चढवावा लागला असता, नाहीतर नवं सील पुन्हा कापलं जातं.

इंदूरच्या सियागंज बाजारात दुकानदाराने कंपनी विचारली. सांगून उपयोग नव्हता, मॉडेल कधीच बंद झालंय. मापं दिली, तीही धातूच्या खाचांची; जुनं सील तेलात फुगतं, त्याचं माप फसवतं. रॉडला पीयू (पॉलियुरेथेन) सील घेतलं, ओ-रिंग नायट्राइल रबराच्या.

बसवताना सीलची उघडी कड दाबाच्या बाजूला हवी. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळून मगच ग्लँड सरकवली. पिस्टनची कडक रिंग गरम पाण्यात ठेवल्यावर मुकाट्याने चढली. पिस्टनचा नट लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून, दांड्याला पाइप जोडून आवळला. तो आतच सुटला तर सगळी मेहनत पाण्यात. मग रिकामी बकेट सावकाश वरखाली करून हवा काढली आणि टाकीत तेल भरलं.

ग्लँड आता कोरडी आहे. बकेट अजूनही उतरते, पण टेकायला दुपार लागते. दोन्ही जॅक बाहेरून कोरडे, म्हणजे उरलेलं तेल व्हॉल्व्हमधूनच जातंय. तिथे स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि बॉडीमध्ये रबर नसतंच, धातूवर धातू घासून फट पडते. सील किटने ते बरं होत नाही, नवा व्हॉल्व्हच घ्यावा लागतो. मामांना खर्च सांगितला. ते म्हणाले, "मग बकेट खाली टेकवूनच उभा करत जाऊ."