पापी बंद होता

छोट्या विमानतळावरचे पायलट एकमेकांना ओळखतात ते आवाजाने. कोण किती मैलांवर आहे, कोण घाईत आहे, कोणाला सर्दी झालीय हे रेडिओवर कळतं, पण माणूस समोर आला तर ओळखू येईलच असं नाही. आमच्याकडे रोज येणाऱ्या एटीआरच्या, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाच्या, कॅप्टनसाहेबांचा आवाज असा भरदार, की मी मनात त्यांना मिशा आणि पोट दोन्ही देऊन टाकलं होतं. फेब्रुवारीत मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक भरली तेव्हा दारातून एक सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ आत आले आणि त्याच आवाजात म्हणाले, "चहा सांगितलाय ना?"

विमानतळ मराठवाड्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवते. पाच सेसना १७२, तीसेक विद्यार्थी, दिवसाला एक एटीआर आणि निवडणुका जवळ आल्या की पुढाऱ्यांची चार्टर विमानं. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं नांदेड–हैदराबाद विमान सुटलं आणि त्यानंतर अशा गावोगावच्या धावपट्ट्यांना एकदम दिवस आले. आमच्या रनवेलाही आले, पण त्याची तब्येत तोवर बिघडली होती. खाली काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेतकऱ्याला यात नवीन काही नाही, पण डांबराला ते सोसत नाही. पूर्वेकडच्या टोकाला तर लाटा उठल्या होत्या, मगरीच्या पाठीसारख्या चिरा पडल्या होत्या आणि त्यातून खडी सुटत होती. आमच्या विमानांची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरकाकांनी बैठकीत पिशवीतून एक डबी काढून टेबलावर उपडी केली. आठवडाभरात रनवेवरून वेचलेली खडी. सुपारीएवढे खडे. मग प्रोपेलरच्या पात्याचा फोटो दाखवला. कडेला नखाएवढी खाच, कानशीने घासून सपाट केलेली. "किती घासू?" एवढंच म्हणाले आणि बसले.

टेबलावर नकाशा पसरला होता आणि तो गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार चहाचे कप. रनवे १०/२८, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला १० चा आकडा आणि पूर्वेच्या टोकाला २८ चा. लांबी २००० मीटर. काम दोन टप्प्यांत. आधी पूर्वेची ४०० मीटर मुळापासून खोदायची, काळी माती काढून मुरूम भरायचा, दाबायचा. ते झालं की सगळ्या रनवेवर पाच सेंटिमीटरचा नवा थर.

चार्टरवाले पायलट म्हणाले, सरळ बंद करा आणि उरका. पुण्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद ठेवून काम संपवलंच की. मॅनेजरसाहेब म्हणाले, त्याआधी जवळपास वर्षभर तिथे रात्रीची उड्डाणं बंद होती, ते विसरू नका. कोझिकोडने २०२३ मध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी सहा रनवे बंद ठेवून रिकार्पेटिंग केलं, तेही कोणीतरी काढलं. आमचं उलट. आमच्याकडे रात्री कुत्रं येत नाही, त्यामुळे थर टाकायचं काम रात्री करता येतं. पण खोदलेला खड्डा पहाटेपर्यंत बुजवता येत नाही. म्हणजे तीन आठवडे तरी पूर्वेचं टोक बंद, मधे सुरक्षित अंतर सोडून थ्रेशोल्ड, म्हणजे उतरायला रनवे जिथून सुरू होतो ती रेषा, ५०० मीटर आत, आणि वापरायला उरणार १५०० मीटर.

"सेसनाला पुष्कळ झाले," मी म्हणाले.

"तुमच्या सेसनाला हो," कॅप्टनसाहेब म्हणाले. एटीआर ७२-६०० ला पूर्ण वजनात, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात उडायला साधारण १३०० मीटर लागतात. पण आपलं गाव समुद्रसपाटीला नाही आणि १५ अंश आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे असतात. त्यांनी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने हिशोब मांडला. १८०० फूट उंची, ४२ अंश ऊन. विमानाच्या लेखी हवा साडेपाच हजार फुटांवरची. थोडक्यात, उन्हाळ्यातल्या दुपारी आमचा रनवे उठून कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन बसतो. विरळ हवेत पंखही दमतात आणि इंजिनही. मग वजन कमी करायचं, म्हणजे काही प्रवाशांना तिकीट असून खाली ठेवायचं. त्यापेक्षा तीन आठवडे विमान सकाळी आणा, असं ठरलं. दहा मिनिटांत. सरकारी केबिनमध्ये इतक्या लवकर काही ठरताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

वाद झाला तो दुसऱ्या टप्प्यावर. कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर तरुण होता, सोलापूरकडचा, आधी सगळी कामं रस्त्याची केलेली. त्याने थर पश्चिमेकडून टाकत यायचं ठरवलं होतं, कारण हॉट मिक्स प्लांटचा रस्ता पश्चिमेच्या गेटने येतो. आता गोष्ट अशी की रात्रीचं काम जिथे थांबतं तिथे नव्या-जुन्या डांबरात पाच सेंटिमीटरची पायरी राहते. सकाळी विमान यायच्या आत ती उतार देऊन मोडावी लागते. आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, नियम एवढ्या जाडीला अर्धा ते एक टक्का उतार सांगतो, म्हणजे पाच ते दहा मीटर लांबीचा. आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून आम्ही पूर्वेकडून येऊन २८ वर उतरतो. काम पश्चिमेकडून सुरू झालं तर प्रत्येक विमान धावता धावता त्या पायरीवर चढणार. पूर्वेकडून सुरू झालं तर नव्यावरून जुन्यावर उतरणार. उतरताना धक्का कमी. चढताना नाकाच्या चाकाला गुद्दा, आणि हात नवखा असेल तर विमान पुन्हा उचललं जातं.

"मॅडम, पण मग माझे टिपर रोज रात्री अख्खा रनवे तुडवून पूर्वेला जाणार. माल गार होतो. डिझेल कोण देणार?"

त्याचंही खोटं नव्हतं. ताडपत्रीखाली वाफाळत आलेलं डांबर गार झालं की रोलरखाली नीट बसत नाही. शेवटी मॅनेजरसाहेबांनी डिझेलचं बघू म्हटलं आणि पूर्वेकडून सुरुवात ठरली.

कॅप्टनसाहेबांनी मग तैपेईचा विषय काढला. ३१ ऑक्टोबर २०००, सिंगापूर एअरलाइन्सचं ७४७. वादळी पावसात, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या रनवेवरून उड्डाण सुरू केलं आणि तिथे उभ्या यंत्रांवर आदळलं. ८३ माणसं गेली. "त्यांना रनवे बंद आहे हे माहीत नव्हतं असं नाही. नोटॅम वाचलेला होता." नोटॅम म्हणजे अशा गोष्टींची पायलटांना दिलेली लेखी सूचना. मी त्यात मेक्सिको सिटीची भर घातली. तारीख तीच, ३१ ऑक्टोबर, साल १९७९. वेस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-१० बंद रनवेवर उतरलं, ट्रकला धडकलं. हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, त्यामुळे जरा रंगवूनच सांगितलं. साइट इंजिनिअर ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "थ्रेशोल्ड आत घेतल्यावर जुन्या पापीचं काय करायचं?"

पापी म्हणजे रनवेच्या कडेला ओळीत बसवलेले चार दिवे. विमान उतरणीच्या योग्य वाटेवर असेल तर दोन लाल दिसतात, दोन पांढरे. सगळे लाल दिसले तर तुम्ही फार खाली आहात. ते जुन्या थ्रेशोल्डच्या हिशोबाने लावलेले, म्हणून ते बंद ठेवायचे होते. चहा आणणारा पोऱ्या "पापी बंद ठेवा, कोणी चुकून चालू करू नका" हे ऐकून दारातच खुदकन हसला. पुढचे तीन आठवडे कामावरचे सगळे एकमेकांना "पापी बंद हाय का?" विचारत होते.

मार्चमध्ये थ्रेशोल्ड सरकला. त्याची पहिलीच सकाळ. मी एका विद्यार्थ्याला घेऊन क्रॉस-कंट्रीहून परतत होते. बीडकडचा मुलगा, हात फार गोड. निघण्यापूर्वी मीच त्याला नोटॅम वाचून दाखवला होता, कागदावर चित्र काढलं होतं. इथे उतरायचं नाही, इथे उतरायचं. त्याने मान डोलावली होती. लॉगबुकात ब्रीफिंगची सही माझी.

ऊन पाठीशी होतं, हवा स्वच्छ. सबब सांगायला काहीच जागा नव्हती. तो फायनलवर, म्हणजे उतरण्यासाठी रनवेच्या सरळ रेषेत, वळला, वेग पासष्ट नॉट, काटा हलत नव्हता. "छान, असंच," मी म्हणाले. समोर रनवेच्या तोंडाशी पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्यामागे २८ चा आकडा लख्ख दिसत होता. लख्ख का, तर एका मोठ्या पाहुण्यांच्या दौऱ्यासाठी गेल्याच वर्षी तो रंगवला होता. काचेत तो आकडा जिथे असायला हवा तिथेच होता, हलत नव्हता, फक्त मोठा होत होता. असं दिसलं की आम्ही मुलांना शाबासकी देतो, कारण त्याचा अर्थ विमान बरोबर तिथेच चाललंय.

दोनशे फुटांवर मला पट्ट्यांच्या कडेला काहीतरी पिवळं दिसलं. रोलर. आणि त्याच्यापासून लांब, पाठ करून उभा राहिलेला एक माणूस.

"माय एअरक्राफ्ट" म्हणेपर्यंत माझा हात त्याच्या हातावर पडून थ्रॉटल पुढे गेला होता. त्याच क्षणी टॉवर, "गो अराऊंड, आय से अगेन, गो अराऊंड." म्हणजे उतरू नका, पुन्हा वर जा. आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर. नाक उचललं, फ्लॅप एक टप्पा आत. जुने पट्टे, खोदाईसाठी मारलेल्या चुन्याच्या रेघा, आणि मग पाचशे मीटर आतल्या नव्या पट्ट्या पायाखालून गेल्या. नव्या पट्ट्या पांढऱ्या नव्हत्याच. मुरमाचे टिपर रात्रभर त्यांच्यावरून गेले होते आणि सकाळी झाडू मारूनही त्या खाकी दिसत होत्या. बंद भागावर कापडाची पांढरी फुली अंथरून कडांना दगड ठेवले होते. वाऱ्याने तिची एक घडी दुसरीवर पडून तिचा रुमाल झाला होता.

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या फेरीत मीच उतरवलं, नव्या पट्ट्यांच्या पुढे, पुरेसं पुढे. इंजिन बंद केल्यावर तो म्हणाला, "मॅम, पापी बंद होता. मला वाटलं फक्त दिवे बंद आहेत." त्याला काय उत्तर द्यायचं? पापी बंद आहे हे मलाही दिसलं होतं आणि मीही "छान" म्हणाले होते.

अहवाल लिहिला, माझ्या चुकीसकट. मग साइट इंजिनिअरला घेऊन जीपने पूर्वेला गेले. त्याचा चेहरा उतरला होता. फुली सरळ करत तो सारखं "सॉरी मॅडम" म्हणत होता. रोलर कुंपणाकडे, बाभळीच्या बाजूला उभा होता. चालक पन्नाशीचे, डोक्याला टॉवेल. घाबरले असतील म्हणून मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "भ्यायला काय झालं? तुमची पोरं रोज हितंच उतरत्यात. आजबी हितंच येनार म्हनलं, म्हून रोलर आधीच बाजूला घेतला."

"आधीच? म्हणजे आम्ही दिसायच्या आधी?"

"सा वाजताच."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई बाई."

त्या संध्याकाळी पुन्हा बैठक झाली, यावेळी बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. कॅप्टनसाहेब फोनवर होते, स्पीकर लावून. मला वाटलं होतं, तैपेई-मेक्सिकोवरून टोमणा बसणार. ते एवढंच म्हणाले, "सकाळी मीही जुन्या आकड्याकडेच बघत येत होतो. कोपायलट बोलला." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. जुन्या पट्ट्या आणि आकडा रातोरात काळ्या रंगाने पुसायचं ठरलं. टँकरने नव्या पट्ट्या रोज पहाटे धुवायच्या. फुलीच्या कडांना काय ठेवायचं यावर साइट इंजिनिअर लोखंडी खिळ्यांचं बोलायला लागला, तेव्हा रोलरवाले मामा म्हणाले, "खिळा निघाला तर इमानात जाईल की. मातीची पोती ठिवा." इंजिनिअरकाकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना लगेच नोकरीवर ठेवतील.

दुसऱ्या सकाळी त्याच मुलाला घेऊन गेले. हवा थोडी उधळलेली होती. फायनलवर त्याने न विचारता मोठ्याने म्हटलं, "ओल्ड थ्रेशोल्ड क्लोज्ड, न्यू थ्रेशोल्ड इन साइट." जुना आकडा नव्हता, तिथे फक्त काळा चौकोन. फुली सरळ, पोती जागेवर. नव्या पट्ट्या धुऊन ओल्या, पांढऱ्याशुभ्र. त्यांच्यापुढे तीसेक मीटरवर चाकं टेकली.

उतरण्यापूर्वी खाली बंद भागावरून जाताना मी पाहून घेतलं होतं. रोलर तरीही बाजूला, बाभळीखाली उभा होता.