तुम्ही विचारलंत म्हणून: पक्ष्यांसाठी कॅमेरा कोणता घेऊ?

“मॅडम, बजेट ५० हजार. पक्ष्यांसाठी कॅमेरा आणि लांबची लेन्स सुचवा.” भिगवणला रोहित उतरल्याचे फोटो पेपरात आले की असे निरोप सुरू होतात. मी उलट विचारते: सकाळी कुठे जाता? टेकडीवर की पाण्यावर? दोन किलो वजन तासभर हातात धरवेल का? वापरलेली वस्तू चालेल का? याचा लोकांना राग येतो. “एक नाव सांगायला एवढे आढेवेढे कशाला?” हे मी तोंडावर ऐकलंय. मी कुठल्या तरी कंपनीची माणूस आहे असाही काहींचा समज आहे. तर सांगून टाकते: माझा कॅमेरा, लेन्स, दुर्बीण, सगळं पगारातून घेतलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्याने वापरून विकलेलं आहे. नाव सांगायला मला एक मिनिट लागतं. पैसे तुमचे जातात, म्हणून मी प्रश्न विचारते.

५० हजारांत नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणि नवी ६०० मिमीची लेन्स बसत नाही. (मिमीचा आकडा जितका मोठा तितका लांबचा पक्षी जवळ दिसतो.) याला काही पळवाट नाही. बसतं ते असं. वापरलेली निकॉन डी७२०० आणि तिच्यावर ७०-३०० मिमी. किंवा कॅनन १५००डी आणि ५५-२५० मिमी. किंवा लेन्स न बदलणारा, मोठ्या झूमचा वापरलेला ब्रिज कॅमेरा, म्हणजे निकॉन पी९००, पी९५० या जातीचा. यातलं पहिलं मला आवडतं आणि कारण लेन्सचं नाही, फोकसचं आहे. डी७२०० ला फोकसचे ५१ बिंदू आहेत, १५००डी ला ९. बसलेल्या दयाळावर हा फरक जाणवतही नाही. कापशी घार वाऱ्यावर एका जागी थांबून एकदम खाली सुटते, तेव्हा मात्र तो लगेच कळतो. शिवाय डी७२०० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे. डी३५०० आणि डी५६०० मध्ये ती नाही, त्यामुळे काकांनी दिलेली जुनी निकॉन लेन्स त्यांच्यावर बसते, पण आपोआप फोकस करत नाही. हे दुकानात कोणी आपणहून सांगेल असं धरून चालू नका.

जास्त पैसे साठवायची तयारी असेल तर दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट जातात. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ही लेन्स २०१५ ची. (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो.) तिवईवर बसवायच्या कॉलरसकट वजन २.३ किलो. ५०० मिमीलाही एफ/५.६ राहते, म्हणून पहाटेच्या कमी उजेडात ती कामाची. दुसरी वाट कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० ची. लेन्स फक्त ६३५ ग्रॅम, कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. दोन्ही नवे घेतले तर लाखाच्या वर जातात. पण ४०० मिमीला ती लेन्स एफ/८ होते. ५.६ च्या निम्मा उजेड. ताम्हिणी घाटाच्या झाडीत, ढग दाटलेले असताना, जिथे ५.६ ला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो रवाळ होतो) ३२०० पुरतो तिथे हिला ६४०० लागतो. मोकळ्या माळावर मात्र तीच लेन्स दिवसभर गळ्यात राहते, आणि गळ्यात असते म्हणून फोटो होतो. म्हणून विचारते, कुठे जाता.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणाऱ्याला मी २५० मिमीपुढे ढकलत नाही. वेडा राघू तिथे काटेरी फांदीच्या टोकाला बसतो, उडतो, हवेत माशी धरतो आणि पुन्हा त्याच टोकावर येतो. ती आधी फांदीवर आपटतो, मग गिळतो. त्याचं बसायचं ठिकाण कळलं की थोडं अंतर राखून गप्प बसायचं, तो आपल्याला स्वीकारतो. शिंजीर फुलाला लागला की तोही तसाच. या पक्ष्यांसाठी ६०० मिमी घेतलीत तर पक्षी कधीकधी इतका जवळ येईल की लेन्स फोकसच धरणार नाही.

पूर्वी मी असं बोलत नसे. टेकडीवरच्या रविवारच्या फेऱ्यांत नव्या लोकांना मी दोन गोष्टी ठामपणे सांगत असे. एक, ब्रिज कॅमेरा म्हणजे खेळणं, त्यावर पैसे घालू नका. दोन, जमेल तितकी लांब लेन्स घ्या, म्हणजे पक्ष्याच्या जवळ जावं लागणार नाही, त्याला त्रास होणार नाही. दोन्हीच्या बाजूने माझ्याकडे कारणं होती आणि ती आजही खोटी नाहीत. पण भिगवणजवळच्या कुंभारगावच्या एका सकाळनंतर ती मला पहिल्यासारखी मांडता येत नाहीत.

फेब्रुवारी होता. उजनीचं पाणी काठावरून मागे सरलेलं. बोटीत आम्ही तिघं. इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवरचे एक गुरुजी, त्यांच्याकडे वापरलेला पी९००. माझ्याकडे २००-५००. आणि एक गृहस्थ, त्यांच्याकडे ६०० मिमी एफ/४, नवी घेतली तर दहा लाखांच्या वर जाणारी. ते हौसेपुरते आलेले नव्हते. भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या माद्या त्यांना माझ्याहून चांगल्या ओळखता येत होत्या, हे मुद्दाम लिहिते. बोट त्यांनी ठरवलेली होती, आम्ही दोघं वाटेकरी म्हणून बसलो होतो.

काठावरच्या हिरवळीत पट्टकदंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांचा, थवा चरत होता. नावाडीदादांनी वल्हं वर घेतलं, बोट आपोआप सरकत राहिली. गुरुजी म्हणाले, “ताई, डावीकडून तिसऱ्याच्या गळ्यात काहीतरी आहे.” मी बघितलं. मला ५०० मिमीतून एक हिरवा डाग दिसला, बाकी काही नाही. त्यांनी कोपर बोटीच्या कडेवर टेकवलं आणि झूम टोकापर्यंत नेला. पी९०० चा झूम ८३ पट आहे, टोकाला २००० मिमीच्या तोडीचा. त्यांच्या पडद्यावर मान आली. मानेच्या पांढऱ्या रेघेला आडवी गेलेली हिरवी पट्टी आणि पट्टीवर पांढरी अक्षरं.

मंगोलियात संशोधकांनी अशा पट्ट्या घातलेले पट्टकदंब भारतात दिसलेले आहेत. पट्टीवरचा क्रमांक पूर्ण वाचता आला तर तो पक्षी कुठे आणि कधी पकडला होता ते कळतं, आणि हिमालय ओलांडून तो कुठवर आला हे त्याच्या नोंदीत जमा होतं. गुरुजींना पहिलं अक्षर दिसलं, एक आकडाही दिसला. शेवटचा आकडा मानेच्या वळणावर होता. तीन असेल नाहीतर आठ. पक्षी खाली मान घालून गवत ओढत होता. त्याने मान फिरवेपर्यंत थांबायचं, एवढंच काम होतं.

तोवर दहा वाजत आले होते. काठावरची हवा तापून थरथरायला लागली होती. त्या गृहस्थांनी पडद्यावर फोटो मोठा करून बघितला, पुन्हा घेतला, पुन्हा बघितला. पिसांना धार येत नव्हती. ते नावाडीदादांना म्हणाले, “आत घ्या अजून. उडू देत, उडतानाचे मिळतील.” गुरुजी म्हणाले, “साहेब, दोन मिनिटं.” मी म्हटलं, “पट्टी वाचतोय, थांबा जरा.” नावाडीदादा एकदा आमच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मग वल्हं पाण्यात गेलं.

थवा आधी चरायचा थांबला. सगळ्या माना वर झाल्या. एका पक्ष्याने आवाज दिला आणि सगळा थवा एकदम उठला. शेजारी शटर सलग वाजत होतं. गुरुजींनी कॅमेरा खाली घेतला नाही. पण एवढ्या झूममध्ये उडता पक्षी पुन्हा सापडत नाही, आणि थव्यात तोच एक तर नाहीच नाही. परतल्यावर आम्ही माझे सगळे फोटो संगणकावर मोठे करून बघितले. प्रत्येकात तो हिरवा डाग होता. अक्षर एकाही फोटोत नव्हतं. अर्धा क्रमांक घेऊन कुणाकडे जाणार? त्या गृहस्थांना मात्र उडतानाचे चांगले फोटो मिळाले. बोटीतून उतरताना त्यांनी ते आम्हाला प्रेमाने दाखवले.

ही हकीकत सांगितली की लोक विचारतात, “म्हणजे पी९०० घेऊ?” नाही, तसंही नाही. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर अगदी लहान आहे. सूर्य उगवायच्या आधी, ढगाखाली, झाडीत त्याचा फोटो रवाळ होतो. उडता पक्षी त्याने धरता येत नाही, हे बोटीतच दिसलं. पी९०० रॉ फोटो, म्हणजे नंतर संगणकावर हवा तसा सुधारता येणारा कच्चा फोटो, देत नाही, ते पी९५० मध्ये आलं. रोज संध्याकाळी घुबडाच्या मागे जाणाऱ्याला मी तो घेऊ नका असंच सांगेन. पण आपल्या तळ्यावर कुठले पक्षी येतात याची नोंद ठेवायची असेल, लांबवरचा बदक कुठला आहे हे दुसऱ्याला पटवायचं असेल, तर ५० हजारांच्या आतबाहेर याच्या इतकं लांबचं दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. नोंदीचा फोटो आणि भिंतीवर लावायचा फोटो यांतलं कोणतं हवंय, हे माणसाला आधी ठरवता येतं का, याची मात्र मला खात्री नाही. मला स्वतःला अजून दोन्ही हवे असतात.

आणि लांब लेन्सचं म्हणाल, तर बोटीत सगळ्यात मोठी लेन्स ज्यांच्याकडे होती तेच सगळ्यात जवळ गेले. माझा जुना युक्तिवाद तिथे कोलमडला. तरी पूर्ण सोडवत नाही. २५० मिमी घेऊन पाण्यावर गेलेला नवखा माणूस नावाड्याला आत घ्यायला लावतो, हे मी वारंवार पाहिलंय. त्याच्या हातात ५०० दिली तर निदान काही वेळ तो लांब राहतो. हा वेळ महत्त्वाचा आहे की माणसाची वृत्ती, यावर मी स्वतःशीच भांडते आणि निकाल लागत नाही.

ती थरथर मात्र नीट समजून घ्या, कारण तिच्यापायी लोक चांगली लेन्स बदलायला निघतात. जमीन आणि पाणी तापलं की हवेचे गरम-थंड थर एकात एक मिसळतात आणि प्रत्येक थर प्रकाश थोडा वाकवतो. जितकं अंतर जास्त तितकी हवा मध्ये जास्त आणि जितकी लेन्स लांब तितका तो वाकडेपणाही मोठा दिसतो. दहा लाखांची लेन्स याला काही करू शकत नाही. भिगवणला, जेजुरी-सासवडच्या माळांवर, हिवाळ्यातसुद्धा नऊ-साडेनऊनंतर लांबचा पक्षी सोडून द्यावा आणि जवळचा बघावा. “लेन्स सॉफ्ट आहे, धार येत नाही” म्हणून मला फोटो पाठवणाऱ्यांना मी आधी वेळ विचारते.

वापरलेली लेन्स घ्यायला भिऊ नका, पण अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या लेन्सेसमध्ये विशेष बघा. लेन्स टोकापर्यंत झूम करून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, जवळच्या आणि लांबच्या अक्षरांचे फोटो घ्या आणि घरी मोठे करून तपासा. बॉडीचं शटर किती वेळा पडलंय ते विचारा. घरी आणल्यावर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, चामड्याच्या पेटीत ठेवू नका. आणि घरट्यातल्या पिल्लांसाठी कोणती लेन्स, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. ते राग धरतात, धरू देत.

गुरुजींनी परवा फोन केला होता. पी९०० विकून जुनी २००-५०० घ्यावी का, असं त्यांच्या मनात आहे. थव्यातला उडता पक्षी त्यांना धरता यायला हवाय. मी हो म्हणत होते आणि थांबले. त्यांच्या वर्गातली पोरं तो कॅमेरा हाताळतात. शाळेमागच्या बाभळीवरचा तांबट त्यांनी त्याच्यातून बघितलाय. २.३ किलोची लेन्स दहा वर्षांच्या मुलीच्या हातात कशी देणार? पण पैसे गुरुजींचे आहेत, हौसही त्यांची आहे आणि ती त्यांनी शाळेसाठी मारावी असं मी कोण म्हणणार? या रविवारी माझी २००-५०० आणि डी७२०० मी त्यांच्याकडे महिनाभर वापरायला देणार आहे. पी९०० तोवर विकू नका, एवढंच त्यांना सांगितलंय.