गणपती गेल्यावर आंबोली

आंबोलीला जुलैत जायचं नसतं, हे आमच्या वेंगुर्ल्यात कुणाला सांगावं लागत नाही. जुलैच्या रविवारी घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी गाड्यांची ही रांग. पायऱ्यांवर चघळून टाकलेली मक्याची कणसं, कुणाचा तरी स्पीकर, ओल्या जीन्स, आणि वेफर्सची पाकिटं हिसकावून पळणारी माकडं. वर गावात पोचावं तर धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस जिथे पडतो, तिथे ऐन हंगामात दिसणार तरी काय? लोक मात्र भिजून खूश होऊन खाली उतरतात. उतरोत बापडे. आंबोली बघायची तर अनंत चतुर्दशी झाल्यावर, पाऊस जरा दमला की. आणि चालत.

माझा मामेभाऊ आंबोलीशेजारच्या गेळे गावात राहतो, त्यामुळे मला वाटाड्या फुकट मिळतो. यंदा त्याची नववीतली लेकही बरोबर होती. ही पोरगी बेडकांवर बोलायला लागली की थांबत नाही. दोघं मला आंबोलीच्या स्टँडवर घ्यायला आली होती.

सावंतवाडीहून सकाळची एसटी पकडली होती. दाणोलीला साटम महाराजांसाठी अर्ध्या गाडीने खिडकीतूनच हात जोडले आणि चढ सुरू झाला. हा रस्ता मुळात आमच्या गावाच्या जिवावर झालेला आहे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल इंग्रजांना बेळगावच्या छावणीपर्यंत न्यायचा असायचा, म्हणून घाट बांधला. आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम. थंड हवेचं ठिकाण वगैरे ती नंतर झाली.

पहिल्यांदा हिरण्यकेशीचं देऊळ, त्याच नावाच्या नदीचा उगम. झाडीतून ओढ्याच्या कडेने वाट जाते. पाऊस नव्हता, पण झाडं ठिबकत होती. देवळामागच्या गुहेतून पाणी बाहेर येऊन कुंडात जमतं. इतकं नितळ की तळातले खडे मोजावेत. याच पाण्यात एक छोटा मासा सापडला, जगाला नवा. २०२० साली त्याचं नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये देवळाभोवतीची २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. देवाच्या कुंडातल्या माशाला कुणी गळ लावत नाही, म्हणून तो टिकला असावा असं आपलं माझं मत. मासेखाऊ गावची आहे, म्हणून बोलते.

हे पाणी तिथून कुठे जातं ते मला फार आवडतं. समुद्र सरळ रेषेत जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर, माझ्या घरामागे. पण हिरण्यकेशी आमच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. दोन-चार कोसांवर कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस मात्र दरीत उडी टाकून अरबी समुद्राला येतो.

तिथून परत मुख्य रस्त्याला आलो आणि एका ओळखीच्या टेम्पोने गेळ्याच्या फाट्यापर्यंत गेलो. तेवढंच काय ते चाकांवर. पुढे गाडीरस्ता सोडून भावाने रानात घातलं. जांभूळ, अंजन, मध्येच भेरली माड, आणि खाली कारवीची दाटी. जळवा अजून होत्या. भावाने तंबाखूचं पाणी करून आणलं होतं, ते पायमोज्यांवर चोळलं. तरी एक बहाद्दर माझ्या बुटाच्या नाडीवर उभी राहून, सगळं अंग ताणून, वास घेत होती. कुठे चिकटू आणि कुठे नको, असं तिचं चाललं होतं. पोरीने तिला काटकीने उचलून पानावर ठेवलं, एखाद्या पाहुण्याला चौरंग द्यावा तसं.

थोडं पुढे तीच थबकली. "आत्या, हात मागे घे." कारवीच्या फांदीवर, माझ्या कोपराच्या उंचीला, मलबारी चापडा साप वेटोळं करून बसलेला. हिरवा, त्यावर तपकिरी ठिपके, डोकं तिकोनी. विषारी आहे, पण स्वतःहून अंगावर येत नाही. एकाच फांदीवर तासन् तास बसून बेडकाची वाट बघतो. आम्ही बाजूने गेलो, त्याने जीभसुद्धा बाहेर काढली नाही.

रान संपलं की सडा लागतो. जांभ्याचा उघडा काळपट कातळ, खळग्यांत साचलेलं पाणी, आणि या दिवसांत त्यावर फुलांचे पट्टे. पांढरे गेंद, पिवळी सोनकी, आणि सीतेची आसवं. फोटोत निळा गालिचा दिसतो तो याच फुलांचा. पण गालिचा बघण्यात मजा नाही. पोरीने मला पोटावर झोपायला लावलं. फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडंसं मोठं, निळं-जांभळं, एका केसाएवढ्या दांड्यावर. मजा त्याच्या मुळाशी आहे. ओल्या मातीत त्याला टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला बारीक जीव दाराशी आला की पिशवी त्याला आत ओढून घेते आणि पचवते. कातळावरच्या चिमूटभर मातीत खत कुठून मिळणार? म्हणून शिकार. एवढं नाजूक नाव आणि हे धंदे!

तिचा लाडका मात्र आता दिसणारा नव्हता. आंबोली टोड हा बेडूक, शास्त्रीय नाव झँथोफ्रीन टायग्रिना, २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नाव दिलेला, पिवळ्या पट्ट्यांचा. पहिल्या पावसात याच खळग्यांमध्ये तो अंडी घालतो, आणि खळगं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हावं लागतं. जगात तो फक्त इथलाच, आणि नष्ट व्हायच्या अगदी काठावर. जूनमध्ये सड्यावर गाड्या घालणाऱ्यांना ही पोरगी काय-काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

कावळेसादच्या कड्यावर पोचलो तेव्हा दरी भरलेली होती. नुसता पांढरा कापूस. मुंबईची काही मंडळी कठड्याशी सेल्फी काढून वैतागून निघालीसुद्धा. भाऊ कातळावर बसला. "वायच थांब, आता सरतला," म्हणाला. सरलं. खालून एक झुळूक आली, धुकं मधोमध फाटलं, आणि समोरच्या कड्यावरून पडणाऱ्या धारा दिसायला लागल्या. बारीक, जाड, काही अर्ध्यावर विरून जाणाऱ्या. खाली शिरशिंगे गावाकडचं रान, गच्च हिरवं. मग पुन्हा बंद. असं तासभर चाललं होतं, आणि आम्ही तिघं शेंगदाण्याचे लाडू खात बसून होतो.

जुलैत इथे पाणी उलटं वर उडतं. समुद्रावरून आलेला वारा कड्याला थडकतो, त्याला वर जाण्यावाचून वाट नसते, आणि तो पडणारी धार उचलून बघणाऱ्याच्या तोंडावर मारतो. टोपी फेकली तर ती परत येते. लोक ते बघायला गर्दी करतात, आणि टोपीबरोबर रिकाम्या बाटल्याही फेकून बघतात. त्या सगळ्याच परत येत नाहीत. आता वारा पडला होता, धार गुमान खाली जात होती. मला ती खाली जाणारीच बरी वाटते, आमच्याकडे येते म्हणून.

जेवायला मामीकडे. नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि गव्यांच्या तक्रारी. ऊस उभा आहे म्हणावं तर रात्रीत आडवा. त्यात ज्या शेतात राबायचं त्याच्या सातबारावर आपलं नाव नाही. आंबोली, चौकुळ, गेळे या तिन्ही गावांत कबुलायतदार गावकरांचा, म्हणजे संस्थानाच्या काळी कबुलायत (करार) करून जमीन कसणाऱ्यांचा, हा जमिनीचा प्रश्न इतका जुना आहे की मामी तो हवापाण्यासारखा सांगते.

आम्ही कुठून कसे चाललो ते भाऊ तिला सांगत होता. मामीचं माहेर शिरशिंगं. ती म्हणाली, "लगीन होवन मी त्याच कड्याच्या वाटेन वर इलंय. नऊवारी नेसान. तुमी ह्येका ट्रेक म्हणतास?"

पोरीचे डोळे लगेच चमकले. कड्यावरून शिरशिंग्यात उतरणारी ती वाट अजून आहे का, असं तिने तीन-तीनदा विचारलं. भाऊ नको म्हणत होता. मामीने विचार केला, भाकरी उलटली, आणि अट घातली: आता नको, शेवाळ आसा. थंडीत जावा, जळवो नसतले. वाट मोडली असतली, म्हणून कोयतो घेवन चला, आणि खाली माझ्या भावजयीकडे जेवाक थांबा, मी फोन करतंय.